फायबर केबलने खोल समुद्राचं तापमान मोजताय? या चुका टाळा

सागरी औष्णिक ऊर्जेचा, म्हणजे समुद्राच्या गरम-थंड पाण्यातून वीज काढण्याचा, सगळा हिशेब एका फरकावर उभा आहे. वरचं पाणी २५-२६ अंश, १,००० मीटरवरचं ४-५ अंश, आणि मधले वीसेक अंश हीच आपली पुंजी. हा फरक एका अंशाने घटला तर निव्वळ वीज सुमारे १५ टक्क्यांनी घटते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणून अर्ध्या अंशाची चूक ‘चालून जाईल’ म्हणता येत नाही.

फायबरमध्ये लेझरचा स्पंद सोडला की काचेतून थोडा प्रकाश विखुरून मागे येतो. त्यातल्या स्टोक्स (मूळ लेझरपेक्षा लांब तरंगलांबीचा) आणि अँटी-स्टोक्स (आखूड तरंगलांबीचा) या दोन भागांच्या गुणोत्तरावरून तापमान कळतं, परतीच्या वेळेवरून जागा. इथवर सोपं आहे. घोळ पुढे होतो.

फायबरची लांबी म्हणजे खोली नव्हे

यंत्र सांगतं ते काचेतलं अंतर. केबलच्या आतल्या नळीत फायबर जरा सैल भरलेलं असतं. ते अर्धा टक्का जास्त असेल तर १,००० मीटरला ५ मीटरचा फरक पडतो. यंत्रात अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.४६८ ऐवजी १.४८ भरला गेला तर आणखी ८ मीटर. त्यात प्रवाहाने केबल तिरकी झाली की हिशेब आणखी बिघडतो. तळाशी पाणी फार हळू बदलतं, तिथे १० मीटरची चूक खपून जाते. पण थर्मोक्लाइनमध्ये, म्हणजे तापमान झपाट्याने उतरतं त्या पट्ट्यात, तीच चूक एखाद्या अंशाची होऊ शकते. खरी खोली कळावी म्हणून केबलवर दोन-तीन ठिकाणी दाबमापक बांधा.

कॅलिब्रेशन फक्त जवळच्या टोकाला

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गुणोत्तरात १ टक्का गडबड झाली की तापमान जवळपास दीड अंशाने हलतं. दोन्ही प्रकाश फायबरमध्ये सारखेच क्षीण होत नाहीत. या फरकाचा आकडा चुकला तर चूक अंतराबरोबर वाढत जाते आणि तळाशी, जिथे आपल्याला थंड पाण्याचा भरवसा हवा, तिथे सर्वांत मोठी होते. डेकवरच्या बर्फपाण्यात फायबरची गुंडाळी बुडवून हे कळणार नाही. दूरच्या टोकाजवळ दाब सोसणारा, खात्रीचा तापमापक हवाच. तळाशी फायबर वळवून परत वर आणता आलं तर उत्तमच. एकाच खोलीवर दोन्ही धाग्यांचं तापमान जुळतंय का, हे घरबसल्या तपासता येतं.

आणि बर्फपाणी ढवळत राहा. ४ अंशांचं पाणी सर्वांत जड असल्याने न ढवळलेल्या टाकीत तेच तळाशी बसतं. गुंडाळी खाली, बर्फ वर, आणि आपण खुशाल शून्य अंश लिहून मोकळे.

अचानक पायरी दिसली तर

आलेखात एका ठिकाणी तापमान एकदम उतरलं आणि त्याखालचं सगळं तेवढ्यानेच सरकलं, तर आधी समुद्राला श्रेय देऊ नका. खोली आणि वेळ यांचं रंगचित्र काढून बघा. समुद्रातली सीमा अंतर्गत लाटांबरोबर (पाण्याच्या थरांमधल्या लाटांबरोबर) वर-खाली डोलते; भरतीचा साधारण साडेबारा तासांचा ताल त्यात बऱ्याच ठिकाणी दिसतो. फायबरचा दोष मात्र दिवसभर पट्टीने आखल्यासारखी सरळ आडवी रेघ मारतो. तिथे खराब स्प्लाइस (फायबरचा जोड), मळका कनेक्टर किंवा आवळून बांधलेलं वळण सापडतं. कनेक्टर पुसून पुन्हा मोजा. जोड बदलता येत नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना संदर्भ तापमापक ठेवा.

ताणालाच तापमान समजणं

लांब पल्ल्यासाठी काही जण ब्रिल्वाँ पद्धत वापरतात; तीही मागे विखुरणाऱ्या प्रकाशावरच चालते, पण त्याच्या वारंवारतेतला बदल मोजते. तिला ताणही तापमानाइतकाच कळतो: केबल स्वतःच्या वजनाने ०.१ टक्का ताणली गेली आणि तो ताण फायबरपर्यंत पोचला, तर आकडा जवळपास ५० अंशांनी सरकतो! फायबर नळीत खरंच मोकळं आहे ना, याची खात्री केबल खाली सोडण्याआधी करून घ्या.

सरासरीचा हव्यास

मोजणीचा वेळ चौपट केला की गोंगाट (आकड्यांतले विनाकारण चढउतार) निम्मा होतो, म्हणून तासाभराची सरासरी घेण्याचा मोह होतो. खोल, शांत पाण्यात खुशाल घ्या. पण थर्मोक्लाइन तासाभरात बरीच सरकू शकते, आणि मग सरासरीत तीक्ष्ण उतार पसरट दिसतो. कच्च्या नोंदी छोट्या अवधीच्या ठेवा. सरासरी नंतरही काढता येते, उलटं करता येत नाही.

केबल कुठे बांधली आहे?

थंड पाणी वर आणणाऱ्या पाइपलाच केबल बांधली असेल, तर वरच्या भागात ती समुद्राचं नाही, पाइपच्या थंड भिंतीचं तापमान सांगेल. ती भिंतीपासून दूर धरणारे आधार लावा. वरच्या काही मीटरांत उलटा प्रकार: स्वच्छ पाण्यात उन्हाने गडद केबल पाण्यापेक्षा गरम होते. हिशेबातला अर्धा आकडा वरच्या पाण्याचाच असल्याने तिथल्या दुपारच्या नोंदी रात्रीच्या नोंदींशी ताडून पाहा, आणि वाऱ्या-लाटांच्या दिवशीही तेवढाच फरक राहतो का ते बघा.