पोक्सोची खबर कशी द्यावी: ‘आधी खात्री करून घ्या’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची खबर मी पोलिसांना इतक्यांदा दिली आहे की ठाणे अंमलदारासमोरचा बाक आता ओळखीचा झालाय. आणि दर वेळी कुणीतरी शहाणं माणूस भेटतंच: “मॅडम, आधी खात्री करून घ्या.”

खात्री करणं पोलिसांचं काम आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रत्येकावर म्हणजे शिपाईमामा, डॉक्टर, शेजारच्या काकू, सगळ्यांवर. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाचालकाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड.

पहिली पायरी : ऐकणं

इथेच सगळे घोळ होतात. माझाही झाला होता.

पहिल्याच प्रकरणात तिसरीतली मुलगी माझ्याशी बोलली. मी तिला वर्गशिक्षिकेकडे नेलं, मग मुख्याध्यापकांकडे, संध्याकाळी दोन विश्वस्तांसमोर. दर ठिकाणी तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. चौथ्या वेळी ती म्हणाली, “काही नाही झालं. मी खोटं बोलले.” सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी घरी येऊन जेवले नाही. ती खोटं बोलत नव्हती. दमली होती, आणि मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काय ऐकायचंय ते तिला कळलं होतं.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. मूल एकदाच बोलणार, एकाच माणसाशी. “मग काय झालं?” एवढंच विचारायचं. “त्यांनी तुला इथे हात लावला का?” असा प्रश्न चुकूनही नको, असं उत्तर तोंडात घातलं की पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच धरतो. “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, ते तुम्हाला मोडावंच लागणार आहे. “पोरी, हे मला काही लोकांना सांगावं लागेल, तुला मदत व्हावी म्हणून,” असं सरळ सांगा. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर करणं हा तर शुद्ध वेडेपणा.

दुसरी पायरी : लिहून काढणं

मूल गेल्यावर लगेच, त्याच्याच शब्दांत. शरीराच्या भागाला ते घरी जे म्हणत असेल तेच. मी एकदा सभ्यपणा म्हणून ‘गैरवर्तन’ लिहिलं, तर हवालदार म्हणाले, “म्हणजे काय, शिवी दिली का?” त्यांचं बरोबर होतं. तारीख, वेळ, सही.

तिसरी पायरी : ठाण्यात जाणं

त्याच दिवशी जा. पालकांची परवानगी लागत नाही, संस्थेच्या ठरावाची तर मुळीच नाही. काही शाळा प्रकरण महिला तक्रार समितीकडे ढकलतात. ती समिती नोकरीच्या ठिकाणी बायकांना होणाऱ्या त्रासासाठी आहे, तिचा इथे संबंध नाही. ‘पोरीचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्यांना सांगा की तिची ओळख उघड करणाऱ्या माध्यमांना याच कायद्यात शिक्षा आहे.

मुलाला सोबत न्यायची गरज नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, अधिकारी साध्या कपड्यांत, शक्यतो महिला उपनिरीक्षक. तुम्ही दिलेली खबर लिहून घेतल्यावर तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे आणि नोंद क्रमांक पडला पाहिजे. तो क्रमांक आणि अधिकाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय उठू नका. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. टाळाटाळ झाली तर शांतपणे कलम २१ ची आठवण द्या. खबर न नोंदवणाऱ्यालाही तीच सहा महिन्यांची शिक्षा आहे. पुढे २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवणं पोलिसांकडे.

उलट आपल्यावरच केस होईल ही भीती सगळ्यांना असते. चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीला कायद्याचं संरक्षण आहे, आरोप पुढे सिद्ध झाला नाही तरी. गप्प बसण्याला मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात खबर न दिल्याचा डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला.

मारहाण, उपासमार, दुर्लक्ष यांसाठी मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा फोन लावा, रात्री-अपरात्रीही. हरवलेलं किंवा टाकून दिलेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवणं हेही कायद्याने बंधनकारक आहे.

नंतर

मूल पुन्हा शाळेत येईल. त्याला एकटं गाठून “काय झालं केसचं?” विचारू नका. गृहपाठ राहिला असेल तर त्याबद्दल विचारा.