गच्चीवरच्या डिशचा स्पीड रात्री का पडतो आणि काय करायचं

‘राउटर बंद करून चालू करा’ हा सल्ला इथे मिळणार नाही. ‘मोठा प्लॅन घ्या’ हा तर अजिबातच नाही. जिथे फायबर पोचलेलं नाही किंवा सोसायटी खोदकाम करू देत नाही, तिथे गच्चीवरच्या पाच गिगाहर्ट्झच्या डिशवर इंटरनेट चालतं. ही डिश कंपनीच्या टॉवरवरच्या डिशशी रेडिओनं बोलते, त्या जोडणीला आम्ही लिंक म्हणतो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांत, गावठाणांत, नवी मुंबईत रबाळे-महापेच्या गाळ्यांत अशा डिश दिसतात. मी त्या बसवतो आणि दुरुस्तही करतो. प्लॅन १००चा आणि हातात ३०, ही तक्रार नेहमीची. कारण मात्र दर ठिकाणी वेगळं निघतं, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आधी वायर लावून मोजा

लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला वायरने जोडा, वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन, टीव्ही सगळे तोडा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. वायरवर पूर्ण स्पीड आला तर दोष घरातल्या वायफायचा, डिशला हात लावू नका. आणि प्लॅनमधले १०० हे सेकंदाला मेगाबिट असतात, आणि आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट होतो. फाइल उतरवताना सेकंदाला १२ मेगाबाइट दिसत असतील तर तुम्हाला सगळं मिळतंय.

आकडा ९४ला चिकटलाय का?

२००चा प्लॅन आहे आणि कितीही वेळा मोजलं तरी ९३-९४ येतात, तर हवेकडे, म्हणजे डिश आणि टॉवरमधल्या रेडिओकडे, बघूच नका. गिगाबिटला (म्हणजे १०००च्या स्पीडला) वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात. जॅकमधली एक तार गंजली की पोर्ट गपचूप १००वर येतो. खाडीकाठी हे फार होतं, खारी हवा जॅकच्या पिना खाते. जॅक कापून नवीन क्रिंप करा (पक्कडीनं दाबून बसवा), डिशखाली वायरीला झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी जॅकात न जाता खाली टपकेल. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर गच्चीवर टाकूच नका. (काही स्वस्त डिशना मुळातच १००चा पोर्ट असतो. त्यांना काहीही केलंत तरी फरक पडणार नाही.)

डिशच्या पानावरचे आकडे टिपा

डिशचं स्वतःचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. कंपनी त्याचं लॉगिन देत नसेल तर नुसतं बघण्यापुरतं मागा. सिग्नल, नॉइज (आजूबाजूच्या रेडिओचा गोंगाट) आणि जाण्या-येण्याचा लिंक रेट (दोन डिशनी आपसात ठरवलेला वेग), एवढं पुरे. सिग्नल उणे ५० ते उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) मध्ये असावा. लिंक रेट ३०० दिसतो म्हणून ३०० मिळणार नाहीत. दोन्ही टोकं एकाच चॅनेलवर (पट्ट्याच्या एकाच तुकड्यावर) आळीपाळीनं बोलतात, त्यामुळे १५० ते २०० हातात आले तरी लिंक धडधाकट आहे असं समजा.

हेच आकडे सकाळी अकराला आणि रात्री दहाला असे दोनदा टिपा. रात्री स्पीड पडला पण लिंक रेट सकाळइतकाच राहिला, तर तुमची हवा साफ आहे आणि गर्दी टॉवरवर किंवा त्याच्या मागे आहे. तो कंपनीचा प्रश्न. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट पाठवा आणि ‘साहेब, डिश हलवून बघतो’ म्हणणाऱ्या मुलाला गच्चीवर जाऊ देऊ नका. लिंक रेटही पडला असेल तर मात्र पुढे वाचा.

नॉइज

इथेच लोक अडकतात, मीही अडकलो होतो. कोलशेतहून खाडीपलीकडे काल्हेरच्या एका गोदामाला दिलेली लिंक होती. सिग्नल उणे ५५, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही, आणि रात्र झाली की व्हिडिओ कॉल अडकायचे. डिश बदलून झाली, वायर बदलून झाली, पॉवर वाढवून झाली. सिग्नल चांगला होता, पण आजूबाजूचं बोलणंही तितकंच मोठं होतं, आणि ते सिग्नलच्या आकड्यात दिसत नाही.

पाच गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०१८पासून बराचसा विनापरवाना खुला आहे. चांगलंच झालं, पण त्यामुळे तुमची डिश, समोरच्या केबलवाल्याची डिश आणि खालच्या मजल्यांवरचे घरगुती राउटर एकाच जागेत आले. सगळ्यांची आवड ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल. कंपनीची मुलं डिश बसवून जातात तेव्हा चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवतात, कारण टेस्टला मोठा आकडा दिसतो. दुपारी दिसतोही. पण एवढा रुंद चॅनेल घेतला की शेजाऱ्याचा २०चा चॅनेल त्यात कुठेतरी येणारच, आणि त्याचा त्रास तुमच्या अख्ख्या ८०ला होतो. शिवाय रुंदी दुप्पट केली की नॉइज ३ डेसिबलनं वाढतो, तो वेगळाच.

म्हणून पहिलं काम म्हणजे रुंदी कमी करा. हे ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं. पण हिशोब बघा. दोन स्ट्रीमच्या (एकाच वेळी डेटाचे दोन प्रवाह पाठवणाऱ्या) नेहमीच्या ८०२.११एसी वायफायच्या डिशवर ८०ची रुंदी नॉइजमुळे खालच्या मॉड्युलेशनवर (सावकाश बोलण्याच्या पद्धतीवर) घसरली तर लिंक रेट १३० राहतो. तीच डिश स्वच्छ ४०वर ३०० देते. आणि २०वर १४४, म्हणजे नुसती २०सुद्धा त्या रखडलेल्या ८०पेक्षा बरी. १००च्या प्लॅनला ८० लागतच नाही.

दुसरं काम, स्कॅन, म्हणजे कुठल्या चॅनेलवर किती गोंगाट आहे ते डिशलाच ऐकायला लावणं. तो रात्री नऊ ते अकराच्या दरम्यानच घ्यायचा. सकाळी लोक कामावर असताना घेतलेला स्कॅन कागदावर सुंदर दिसतो आणि उपयोगाचा नसतो. बऱ्याच डिश स्कॅन करताना लिंक तोडतात, घरात आधी सांगून ठेवा. आणि स्कॅन दोन्ही टोकांना हवा. डाउनलोड तुमची डिश ऐकते, अपलोड टॉवरवरची. फक्त डाउनलोडचा रेट पडत असेल तर गोंधळ तुमच्या गच्चीवर आहे. फक्त अपलोडचा पडत असेल तर टॉवरकडे, आणि मग तुमच्या गच्चीवर कितीही वेळ घालवला तरी काही होणार नाही.

अनेकदा मधल्या चॅनेलवर, साधारण ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झमध्ये, जागा मोकळी सापडते. कारण तिथे रडारसाठी कान उघडे ठेवावे लागतात, म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. रडार ऐकू आलं तर डिश चॅनेल सोडते आणि नव्या रडार-चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद गप्प बसून ऐकते. कधीमधी मिनिटभर लिंक जाणं चालणार असेल तर हा भाग घ्या. रडारची अट बंद करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

पॉवर वाढवू नका. पूर्ण पॉवरवर डिशचं वरचं मॉड्युलेशन बिघडतं, जवळच्या लिंकमध्ये समोरच्याचे कान बधिर होतात, आणि शेजारीही आपली पॉवर वाढवतो.

आणि ‘डिश जितकी उंच तितकी चांगली’ हे गावाकडे ठीक. ठाण्यात तिसाव्या मजल्याच्या पाण्याच्या टाकीवर डिश लावली तर तिला टॉवरबरोबर मुलुंडपासून भिवंडीपर्यंतचं सगळंच ऐकू येतं. टॉवरची वाट मोकळी राहील एवढीच उंची घ्या आणि लिफ्टच्या खोलीची भिंत किंवा कठडा बाजूला आडोसा म्हणून वापरा. काल्हेरची लिंक ४०ची रुंदी आणि डिश टाकीवरून खाली कठड्याआड आणून सुटली. नवीन डिशचे पैसे उगाच गेले होते.

वाट

सिग्नलच हळूहळू पडत गेला असेल, तर मध्ये काहीतरी आलंय. ‘टॉवर दुर्बिणीतून दिसतो, मग वाट मोकळीच की!’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. रेडिओला सरळ रेषेभोवती मोकळी जागा लागते. तीन किलोमीटरच्या लिंकला अगदी मधोमध ही जागा रेषेच्या चहूबाजूंनी सहा मीटरच्या आसपास असते, आणि त्यातली निदान साठ टक्के, म्हणजे पावणेचार मीटर, तरी मोकळी हवी. खालून वाढलेलं झाड तेवढ्यात घुसतं. जूनमध्ये पालवी दाट होते, पानं भिजतात आणि लोक म्हणतात पावसानं लिंक गेली. पाच गिगाहर्ट्झला नुसत्या पावसाचं फारसं काही वाटत नाही, ओल्या पानांचं वाटतं. (६० गिगाहर्ट्झच्या लिंकला मात्र पाऊस खरोखरच झोपवतो.) नवीन उंच इमारतीचं बांधकाम वाटेत आलं असेल तर डिश बाजूला सरकवणं किंवा कंपनीकडे दुसरा टॉवर मागणं, दोनच उपाय.

खाडी ओलांडणाऱ्यांसाठी

ऐरोली ते मुलुंड किंवा बेलापूर ते उलवे अशी पाण्यावरून जाणारी लिंक दिवसातून दोनदा पडते आणि ती वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते, असं दिसलं तर भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवून बघा. पाण्यावरून परावर्तित झालेला सिग्नल सरळ येणाऱ्या सिग्नलला मारतो, आणि पाण्याची पातळी बदलली की तो मार कमीजास्त होतो. पॉवर, चॅनेल, नवीन डिश, कशानंही हे पूर्ण जात नाही. एका टोकाची डिश मीटर-दोन मीटर वर किंवा खाली घ्या, किंवा ती किंचित वर झुकवा. जमलं तर जागा अशी निवडा की परावर्तनाची जागा उघड्या पाण्यावर न येता कांदळवनावर येईल. बदल केल्यावर एक भरती आणि एक ओहोटी जाऊ द्या, तोवर गच्चीवरून सामान उतरवू नका.