दंडाची नोटीस चुकीची वाटली तर हरकत कशी लिहावी

वाहतूक दंडांवर आलेल्या हरकती वाचायचं काम मी बरीच वर्षं केलं. टेबलाच्या त्या बाजूला बसून एक गोष्ट पक्की कळली. ज्यांचं म्हणणं रास्त असतं अशी माणसंसुद्धा हरतात, कारण अर्जात संताप भरपूर असतो आणि तपासून पाहता येईल असा मुद्दा सापडत नाही. जागाच नाही तर गाडी लावायची कुठे, पुढे दहा गाड्या उभ्या होत्या त्या दिसल्या नाहीत का, आम्हीच बरे सापडतो... यातलं पुष्कळसं खरं असतं आणि वाचताना मलाही पटायचं. पण अर्ज तपासणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. ती गाडी तुमचीच होती का, त्या जागी आणि त्या वेळी होती का, जे केलं म्हणतात ते नियमात बसतं का, आणि नोंद करताना पद्धत पाळली का, एवढंच तो बघतो. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं दाखवता आलं, तर दंड रद्द करायला त्याला आधार मिळतो. तो आधार त्याच्या हातात देणं हेच तुमचं काम.

आधी नोटीस खरी आहे ना ते बघा. मोबाइलवर आलेल्या दंडाच्या संदेशातली लिंक दाबू नका. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि गाडीचा नंबर घालून नोंद शोधा. तिथे नोंद नसेल तर पैसे भरायची घाई अजिबात नको. ‘आज रात्रीपर्यंत भरा नाहीतर परवाना रद्द’ अशी भाषा दिसली तर ती जवळजवळ नक्की फसवणूक समजा.

नोंद खरी निघाली, तर मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. हरकतीची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची असते आणि ती कधी नोटिशीच्या तारखेपासून, कधी नोटीस हातात पडल्यापासून धरतात. म्हणून पाकीट किंवा संदेश आल्याची तारीख जपून ठेवा. ‘आधी भरून टाकू, मग भांडू’ हा विचार तर सोडाच. पुष्कळ ठिकाणी पैसे भरले की प्रकरण बंद होतं आणि हरकतीचा हक्क जातो. लवकर भरल्यास सवलत मिळत असेल, तर हरकत दाखल केल्यावर ती सवलत राहते की जाते, हे नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचूनच काय ते ठरवा.

आता फोटो. मोठ्या पडद्यावर उघडा आणि निवांत बघा. कॅमेऱ्याने नंबरप्लेट आपोआप वाचायचं तंत्र १९७६मध्ये ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन शाखेत तयार झालं. ते आज कितीतरी सुधारलं आहे, पण त्याच्या जुन्या खोडी गेलेल्या नाहीत. बी आणि आठ, ओ आणि शून्य, एस आणि पाच, झेड आणि दोन यांत गल्लत होते. प्लेटवर चिखल असेल किंवा स्क्रू नेमका अक्षरावर बसवला असेल, तर जास्तच. एक प्रकरण मला अजून आठवतं. अर्जदार बाईंनी फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘फोटोतल्या गाडीच्या मागच्या काचेला वायपर आहे, माझ्या गाडीला नाही. माझ्या गाडीचा मागून काढलेला फोटो जोडला आहे.’ दोनच वाक्यं. मी दोन फोटो शेजारी ठेवले आणि दंड तिथल्या तिथे रद्द केला. तुम्हीही असंच शोधा. रंग, मॉडेल, बंपरवरचा पोचा, काचेवरचं स्टिकर, छतावरचा कॅरिअर. नंबर तुमचाच आहे पण गाडी दुसरी आहे असं दिसलं, तर कुणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरत असू शकतं. मग हरकतीवर थांबू नका, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत अर्जाला जोडा. नाहीतर पुढच्या नोटिशाही तुमच्याच नावावर येत राहतील.

फोटोवरची वेळही तपासा. यंत्राचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, आणि सावली ते उघडं पाडते. वेळ सकाळी आठची छापलेली आहे आणि खांबाची सावली पायथ्याशी आखडलेली आहे, असं कसं होईल? तुम्ही त्या वेळी दुसरीकडे होतात याचा कागद, म्हणजे हजेरीची नोंद, इंधनाची पावती किंवा टोलची नोंद असेल, तर तो सावलीच्या जोडीला ठेवा. एकटा कागद कमी पडतो, दोन्ही मिळून भक्कम होतात.

पार्किंगच्या दंडात सगळ्यात जास्त वाचलेलं वाक्य म्हणजे ‘मी गाडीतच बसलो होतो, इंजिन चालू होतं.’ याचा उपयोग सहसा होत नाही. रस्ता वाहतुकीच्या १९६८च्या व्हिएन्ना कराराचा पाया पुष्कळ देशांच्या नियमांना आहे. त्यात ‘थांबणं’ आणि ‘पार्क करणं’ यांतला फरक चालक आत आहे की बाहेर यावर ठरत नाही. माणसं चढवायला-उतरवायला किंवा सामान भरायला-उतरवायला लागतो तेवढाच वेळ गाडी उभी असेल, तर ते थांबणं. रहदारीमुळे किंवा अडथळ्यामुळे उभं राहावं लागलं, तर तेही पार्किंग नव्हे. म्हणून इंजिनाचं सांगत बसू नका. कोणाला उतरवत होतात, काय सामान होतं, किती मिनिटं लागली ते लिहा, आणि सामानाची पावती असेल तर जोडा. आजीला हात धरून उतरवायला वेळ लागला असेल तर तसं स्पष्ट लिहा, तो लागतोच.

पण त्याआधी पाटी कोणती होती ते बघा. त्याच वर्षीच्या चिन्हांच्या करारानुसार निळ्या गोलात एकच तिरकी लाल रेघ असेल, तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल, तर थांबायलाही मनाई, आणि मग उतरवण्या-चढवण्याची सबब चालत नाही. पाटी झाडाच्या फांदीआड असेल, वाकलेली असेल, दुसऱ्याच दिशेला वळलेली असेल किंवा खालची वेळेची पट्टी पुसली गेली असेल, तर तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे. फोटो मात्र नीट काढा. गाडी चालवत येताना चालकाच्या नजरेला जसं दिसतं तसा एक लांबून, मग पाटीचा जवळून, आणि एका फोटोत पाटी नि तुमची जागा दोन्ही. फांदीचा फोटो त्याच आठवड्यात काढा. नंतर कुणी फांदी छाटली, तर दाखवायला काहीच उरत नाही.

वेगाच्या दंडात लोक इंटरनेटवरून मुद्दे उचलतात आणि फसतात. ‘रडार तिरकं लावलं होतं’ हा त्यातलाच एक. रस्त्याकडेला उभं केलेलं रडार सरळ रस्त्यावरच्या गाडीकडे तिरकं बघतं, तेव्हा ते खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. कोन २० अंशांचा असेल, तर ताशी १०० किलोमीटरची गाडी सुमारे ९४ने गेल्याची नोंद होते. म्हणजे चूक झाली असलीच तर तुमच्या फायद्याची. उपयोगाचे प्रश्न वेगळे आहेत. त्या झोतात दुसरी गाडी होती का? यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, त्याचं प्रमाणपत्र मिळेल का? काही कॅमेरे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो घेतात आणि रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात, त्यामुळे हिशेब तुम्हालाही करता येतो. अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर सरकली, तर वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ७९ किलोमीटरच्या आसपास. नोटिशीत ९५ लिहिलं असेल, तर हा हिशेब तसाच्या तसा अर्जात मांडा.

गाडी उचलून नेली किंवा चाकाला जॅमर लावला, तर सोडवायला पैसे भरावेच लागतात. पावतीवर किंवा सोबतच्या कागदावर ‘हक्क राखून रक्कम भरत आहे’ असं लिहा. गाडी ताब्यात घेताना तिथेच चारही बाजूंनी फोटो काढा. फाटकाबाहेर पडल्यावर दाखवलेला ओरखडा कोणी मान्य करत नाही.

रस्त्यावरच अडवलं, तर तिथे खटला लढू नका. कोणत्या नियमाखाली दंड आहे ते विचारा, पावतीवर वेळ आणि जागा नीट लिहिली आहे ना ते वाचा, बस्स. समोरचा माणूस उन्हातान्हात धुराच्या लोटात उभा असतो आणि निर्णय बदलायचा अधिकार बहुतेकदा त्याच्याकडे नसतो. जो बदलू शकतो तो नंतर कागदच वाचणार आहे.

अर्ज एका पानात बसवा. पहिल्या ओळीत नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर. दुसऱ्या ओळीत काय हवं ते, ‘दंड रद्द करावा.’ मग तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा. सहा कच्चे मुद्दे एकामागोमाग आले की वाचणाऱ्याला सातव्याचाही भरवसा वाटत नाही, म्हणून एक किंवा फार तर दोन लिहा. प्रत्येक पुराव्याला क्रमांक द्या आणि वाक्यातच सांगा, ‘फोटो २ पाहा.’ अवघड परिस्थिती असेल, दवाखान्याची धावपळ असेल, गाडी बंद पडली असेल, तर ती शेवटी चार ओळींत खरीखुरी लिहा आणि कागद जोडा. त्या चार ओळी मी कधीच वगळून वाचल्या नाहीत.

अर्जाची पोच घ्या. ऑनलाइन असेल तर शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर नकाराचं आलं, तर नकाराचं कारण वाचा. पुढचं अपील त्या कारणालाच उत्तर देणारं हवं, पहिल्या अर्जाची नक्कल पुन्हा पाठवून काही होत नाही. आणि दंड रद्द झाल्याचं पत्र आलं, तरी काही दिवसांनी नोंद पुन्हा उघडून बघा. रद्द झालेला दंड थकबाकीत तसाच राहिलेला मी पाहिला आहे, आणि तो नेमका गाडी विकायच्या वेळी वर येतो. तसं दिसलं, तर रद्द झाल्याच्या पत्राची प्रत जोडून नोंद काढून टाकायला लेखी सांगा.