ओल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवू नका

इंदूरजवळच्या महू-मानपूरकडच्या शेतातला वाऱ्याने पडलेला आंबा आरा मशीनवर चिरून आणलात, की फळ्या त्याच दिवशी वाळायला थप्पीला लावा. आंब्याचं लाकूड फार वाट पाहत नाही. ओलं पडून राहिलं तर काळपट डाग येतात, मग कीड लागते. (झाड इंदूर शहरातलं असेल तर तोडण्याआधी महापालिकेची परवानगी हवी, 2001 चा कायदा आहे.)

सगळ्यात आधी फळीच्या दोन्ही टोकांना उरलासुरला ऑइल पेंट जाड फासा. पाणी टोकांतून भराभर उडतं, म्हणून चिरा तिथूनच पडतात. हे लोक हमखास टाळतात आणि मग प्रत्येक फळीची वीतभर टोकं कापून फेकतात.

विटांवर फूटभर उंचीची सपाट बैठक करा. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर यायला हवी. जरा सरकली की फळीला पोक आलंच. माथ्यावर फरशीचे तुकडे ठेवा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळलंत तर बुरशी धरेल.

इंचाच्या फळीला साधारण वर्ष धरतात. माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात लवकरही होतं, पण अंदाजावर जाऊ नका. एक तुकडा दर पंधरवड्याला किराण्याच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं, की सुताराला बोलवा. पावसाळ्यातलं वजन मात्र धरू नका.