आजारपणाच्या आधीचा तो: गेलेल्या कुत्र्याला आठवायचं कसं

माझा कुत्रा ढब्बू गेला त्यानंतर दहा-बारा दिवस रोज रात्री नऊला माझ्या फोनचा अलार्म वाजायचा, "ढब्बू गोळी", आणि मी तो नुसता गप्प करायचे, कायमचा बंद करायला हातच धजायचा नाही. म्हणून पहिलं काम सांगते ते अगदी फालतू वाटेल. ते अलार्म आजच काढा, जमत नसेल तर फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. मग क्लिनिकला कळवा की तो गेलाय, नाहीतर काही महिन्यांनी त्याच्या नावाने लसीची आठवण करून देणारा मेसेज येतो आणि माणूस भर कामात मोडून पडतो. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, असेल तर तिथली नोंदही बदलून घ्या. उरलेल्या गोळ्या, सलाईन वगैरे सिंकमध्ये ओतू नका, परत घेतात का ते क्लिनिकलाच विचारा.

बाकी कशाचीच घाई नाही. पट्टा, भांडं, अंथरूण "डोळ्यासमोरून हलवा, त्रास होईल" असं चार जण सांगतील, त्यांना हो म्हणा आणि तुम्हाला वाटेल तेव्हाच हलवा. पट्टा मात्र धुऊ नका. हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत टाकून ठेवा, वास बरेच दिवस टिकतो. मी अंथरूण पहिल्याच दिवशी धुतलं, स्वच्छतेच्या झटक्यात, त्याची चुटपुट अजून आहे. एक अपवाद आहे, पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या संसर्गजन्य आजाराने, गेला असेल तर भावनेला जरा बाजूला ठेवायला लागतं कारण तो व्हायरस घरात, मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, साध्या फ्लोअर क्लीनरला दाद देत नाही, ब्लीच लागतं. अशा वेळी मऊ सामानाचे फोटो काढा आणि सामान टाकून द्या, आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू तर त्या घरात इतक्यात आणूच नका.

आता मुख्य मुद्दा. आजारपणात कुत्रा गेला की एक विचित्र गोष्ट होते, शेवटचे पाच-सहा आठवडे आधीची सगळी वर्षं गिळून टाकतात. ढब्बू बारा वर्षं होता आमच्याकडे, पण डोळे मिटले की दिसायचा तो हाडं वर आलेला, पाण्याच्या भांड्याशी मान खाली घालून उभा असलेला. साहजिकच आहे, त्या दिवसांत आपण तासातासाला त्याच्याकडेच बघत असतो, किती प्यायला, उलटी झाली का, श्वास कसा चाललाय, आणि फोनमध्येही सगळ्यात वरचे फोटो तेच. तर आठवण काढायची म्हणजे नुसतं आठवत बसायचं नाही, जुना कुत्रा परत वर आणायचा, आणि त्याला थोडी मेहनत लागते.

मी काय केलं ते सांगते. आजारपणाचे सगळे फोटो आणि रिपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले, डिलीट नाही केले, नुसते बाजूला. मग जुन्यातले जुने फोटो काढून एकेक वर्ष घेतलं आणि वहीत लिहायला लागले. यात एक नियम पाळा, गुणगान लिहू नका. प्रेमळ, इमानी, गुणी हे कुठल्याही कुत्र्याला लागू पडतं, त्यात तुमचा कुत्रा कुठे सापडणार. ढब्बू कायम एकच मोजा पळवायचा, जोडी कधीच नाही. उलट्या ठेवलेल्या बादलीला तो शेवटपर्यंत घाबरायचा. शेकहँड फक्त डाव्या पायाने. राग यायचा तेही लिहा, चावलेली चप्पल, पहाटे साडेचारला नाकाने ढकलून उठवणं, सगळं. आणि हे पहिल्या महिन्यातच लिहा, कारण चेहरा फोटोत राहतो पण सवयी विसरायला होतात. व्हिडिओंमध्ये आवाज असतो, भुंकणं, फरशीवर नखांची टकटक, घोरणं, ते दुसरीकडे कॉपी करून ठेवा, फोन पडला तर गेलं. घरच्या बाकीच्यांनाही विचारा, प्रत्येकाचा कुत्रा थोडा वेगळा असतो, माझ्या भावाने सांगितलेली निम्मी कारस्थानं मला माहीतच नव्हती.

गिल्टबद्दल बोलायलाच हवं. "मला आधी कसं कळलं नाही" हे सगळ्यांना छळतं. ढब्बूला किडनीचा आजार होता, आणि किडनीचं असं की साधारण ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी एरवी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, सहसा वाढतच नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल, कुत्रा उड्या मारतोय, आणि आत बरंच संपलेलं. वर कुत्री दुखणं लपवण्यात तरबेज. इंजेक्शन देऊन निरोप दिला असेल तर आणखी एक गोष्ट मनात घर करते, त्याचे डोळे उघडेच होते, नंतर एकदोनदा श्वास घेतल्यासारखं झालं, म्हणजे त्याला कळत होतं का? नाही. ते औषध म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस असतो, आधी शुद्ध जाते मग हृदय थांबतं, आणि त्यानंतरचे ते झटके नुसते स्नायूंचे असतात. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगतेय. आणि तो गेल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं असेल तर त्याचीही लाज नको, महिनाभर रात्री जागलेलं शरीर आहे ते.

"कुत्राच तर होता" म्हणणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका, ताकद नसते. स्वतःसाठी मात्र एक लक्षात ठेवा, जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ मध्ये सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं दफन सापडलं, एक पुरुष, एक बाई आणि सोबत सातेक महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांना वाटतं की त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूचा आजार, झाला होता आणि कुणीतरी कित्येक आठवडे त्याची सेवा केल्याशिवाय ते तेवढं जगलंच नसतं. आजारी पिल्लू, कामाचं ना धामाचं, तरी केलं कुणीतरी.

घरात लहान मुलं असतील तर "झोपवलं" हा शब्द टाळा, मग ती स्वतः झोपायला घाबरतात. "गावाला पाठवला" तर अजिबात नको, ती वाट बघत बसतात. मेला, शरीर बंद पडलं, आता परत येणार नाही, इतकं सरळ सांगा आणि मग जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा तेच सांगा. दुसरा कुत्रा असेल तर तो खाणं कमी करेल, शोधत फिरेल, चिकटून बसेल, त्याच्या वेळा मोडू नका, आणि दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर शोक समजून थांबू नका, व्हेटकडे न्या. तुमचंही तसंच, आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, काम सगळं ठप्प असेल तर डॉक्टरांशी बोला.

फिरायला न्यायची वेळ सगळ्यात वाईट. मी तीच वेळ, तोच रस्ता चालू ठेवला, रिकाम्या हाताने. रस्त्यात लोक विचारतात "आज तो कुठे?", त्यासाठी एक वाक्य घरीच तयार करून ठेवा, माझं होतं "गेला तो, किडनीने", आणि चालत राहायचं.

नवीन कुत्रा कधी आणायचा ते मला विचारू नका, कुणाला महिन्यात जमतं कुणाला कधीच नाही. आणलात तर नाव मात्र नवीन ठेवा. बिचाऱ्याला त्याचे मोजे त्याच्या पद्धतीने पळवू दे.