रहस्यकथेची पहिली आवृत्ती कशी ओळखावी, कशी पारखावी

जुन्या मराठी रहस्यकथेवर ‘आवृत्ती पहिली’ असं छापलेलं असेलच असं नाही. १८६७ च्या कायद्यानं मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव व ठिकाण छापणं सक्तीचं केलं होतं; साल आणि आवृत्ती त्यात नव्हती. त्यामुळे मुंबईत किंग्ज सर्कलच्या किंवा फोर्टातल्या फुटपाथवर पुस्तक हाती आलं, की त्याच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात.

आधी किंमत बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘१२ आणे’ किंवा ‘रु. १-८-०’ (एक रुपया आठ आणे) अशी किंमत असेल तर छपाई बहुधा त्याआधीची. ‘न. पै.’ (नवे पैसे) दिसलं तर १९५७ नंतरची. १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गेला. मात्र शिल्लक प्रतींवर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवून किंवा शिक्का मारून त्या विकल्या जात. चिठ्ठीखाली आणे दिसत असतील तर ती प्रत तिथेच बाद करू नका, आणि चिठ्ठी खरवडून काढू नका.

मग पत्ता. ‘गिरगाव, मुंबई ४’ एवढंच असेल तर जुनं. ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. मुखपृष्ठावरचा आणि आतला पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर जुन्या फर्म्यांना (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांना) नवं कव्हर चढवलंय असं समजा. शके दिला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या छपाईला ७९.

तिसरी खूण शुद्धलेखनाची, आणि ती फार बोलकी आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘घरांत’ (एकवचनी) अशी छपाई जुन्या जुळणीची. सालाच्या ओळीत १९५४ आणि मजकुरात सगळीकडे ‘नाही’, ‘त्याने’ असेल तर पुस्तक नव्यानं जुळवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. उलट मात्र खात्रीनं सांगता येत नाही. काही छापखाने आणि लेखक जुनं वळण पुढेही धरून होते.

शेवटची परीक्षा बोटांची. एक पान तिरप्या उजेडात धरा आणि मागच्या बाजूनं अनामिका हलकेच फिरवा. खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत अक्षर कागदात रुततं, त्याचे बारीक उंचवटे मागे लागतात. ऑफसेटचं पान सपाट असतं. १९५० च्या दशकातली म्हणून दिलेली प्रत सपाट लागली तर ते बहुधा पुनर्मुद्रण.

इंग्रजी गुन्हेकथांचं गणित निराळं. अलीकडच्या पुस्तकांत मुद्रणतपशिलाच्या पानावर आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा छपाईचा क्रम सांगतो. १ असेल तर पहिली. वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमतच नसेल तर बुक क्लबची (सभासदांसाठी वेगळी छापलेली) प्रत असू शकते. कोपरा कापलेला असेल तर किंमत छाटली आहे. फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी असं छापलेली प्रत ही सहसा मूळ पहिली आवृत्ती नसते.

आता स्थिती. सगळ्यात आधी पानं मोजा, कारण रहस्यकथेचं शेवटचं पान गेलं की पुस्तक गेलं. फर्मा बहुधा १६ पानांचा, म्हणून १, १७, ३३, ४९ या पानांच्या तळाशी बारीक फर्माक्रमांक शोधा. मधला फर्मा गळालेला असतो किंवा तोच दोनदा बांधलेला असतो, आणि वरवर चाळताना ते कळत नाही.

मराठी रहस्यकथांच्या बऱ्याच प्रती वाचनालयांतून फिरून आलेल्या असतात. शिक्का, दाखल क्रमांक, मागची तारखांची चिठ्ठी यांनी किंमत उतरते, पण आमच्या मते मूळ कव्हर शाबूत असलेली शिक्क्याची प्रत पुठ्ठ्यात नव्यानं बांधलेल्या कोऱ्या प्रतीपेक्षा केव्हाही बरी. पुनर्बांधणीत कव्हर फेकलं जातं आणि कडा छाटल्या जातात. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रतीशी उंची मोजून पाहा. चार-पाच मिलिमीटर कमी भरली किंवा वरची ओळ कडेला टेकली तर छाटलेली आहे.

पिनांचा गंज कागद खातो. पिनेभोवती तपकिरी कडं असेल आणि मधलं पान हलत असेल तर पुस्तक पूर्ण उघडू नका, ९० अंशांवर थांबा. न्यूजप्रिंट पिवळा पडणारच, तो दोष मानू नका. पण पानाचा कोपरा किंचित वाकवताच तुटत असेल तर ती प्रत हाताळण्याजोगी राहिलेली नाही. दुकानदार ‘गुड’ म्हणाला तर सावध राहा: संग्राहकांच्या भाषेत ‘गुड’ म्हणजे वापरून झिजलेली, पण पूर्ण प्रत. चांगल्याला ‘व्हेरी गुड’ आणि उत्तमला ‘फाइन’ म्हणतात.

बाबुराव अर्नाळकरांच्याच नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत, तेव्हा सगळं जमवण्याचा हट्ट नको. एक नायक किंवा एक मालिका धरा. टाऊन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात तीच प्रत असेल तर किंमत, पत्ता आणि पृष्ठसंख्या वहीत उतरवून घ्या, म्हणजे फुटपाथवर ताडायला आधार मिळतो.

घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच. कसर खळीवर आणि कागदावर जगते, म्हणून नवी प्रत थेट कपाटात ठेवू नका. हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर पुस्तकावर दव धरतं. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदला, आणि ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी कपाटाची दारं तासभर उघडी ठेवा. पुस्तकं मात्र उन्हात मांडू नका.