समोरचा एकच दात काळवंडलाय? लगेच कॅप नको
लहानपणी पडून मार लागलेला समोरचा दात पुढे कधीतरी करडा पडतो. बहुतेकदा आतली नस मेलेली असते. अशा वेळी थेट कॅपला होकार देऊ नका. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासतात, आणि घासलेला दात परत येत नाही. आधी एक्स-रे काढा. रूट कॅनाल झालं असेल तर आतून ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात उजळवणं, करता येईल का, विचारा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. व्हिनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा, लागलाच तरी ब्लीचिंग आधी उरकून दोनेक आठवडे थांबा, सिरॅमिक नंतर उजळत नाही. व्हिनियरची शेड, म्हणजे रंगछटा, मात्र खिडकीपाशी, दिवसाउजेडी, लिपस्टिक पुसून, त्या दिवशीचं काम सुरू होण्याआधीच ठरवा. तोंड उघडं राहून दात सुकला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो.